दाबुऱ्याची बोट

बोट काठाला लागली तरी बखीता आत्या उंबऱ्यावरून उठेना.

बाकीच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन वाळूचा उतार उतरत पाण्यापाशी पोचल्या होत्या. कॅमेरा चालू होता. आत्याने दाराच्या चौकटीला मिठी मारून हंबरडा फोडायचा, दोघींनी तिला ओढून सोडवायचं आणि मग तिने मागे वळून वळून बघत बोटीकडे जायचं, असं ठरलं होतं. आत्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. दारावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघत होती.

"कट!" मुख्तार ओरडला. मग स्वतःला आवरून तो तिच्यापाशी गेला. "काय झालं, आत्या? बरं वाटत नाही का?"

आत्या तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नजाहने ते मला इंग्रजीत सांगितलं, "म्हणते, चहा ठेवलाय. सगळ्यांनी पिऊन घ्या."

मुख्तारने गॉगल कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आधी शॉट," तो म्हणाला. "मग चहा."

बायका उतारावरून परत वर आल्या. आम्ही पुन्हा कॅमेरा लावला. आत्या पुन्हा उठली नाही. तिसऱ्या वेळी बाकीच्या बायकासुद्धा जागच्या हलल्या नाहीत. गाठोडी खाली ठेवून त्या सावलीत बसल्या आणि आपसात बोलू लागल्या.

बोट असवानहून आली होती. जुनी, रुंद, प्रवासी वाहतुकीतली. तशी बोट त्या भागात दुसरी उरली नव्हती आणि ती आम्हाला त्या एका दिवसापुरतीच मिळाली होती. शिवाय ऊन चढत होतं. त्या सरोवराच्या काठी झाड नाही, झुडूप नाही. खडक आणि वाळू. दुपारचा उजेड तिथे इतका पांढरा पडतो की माणसाच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही. मी मुख्तारला तसं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तू तुझा कॅमेरा सांभाळ."

मुख्तार शल्लाली हे नाव आज आपल्याकडेही फिल्म सोसायटीत जाणाऱ्यांना ठाऊक असतं. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, अरब जगाबाहेर ते फारसं पोचलं नव्हतं. कैरोत मात्र त्याचा दबदबा होता. मी त्याचा कॅमेरामन. माझं नाव पद्माकर. पण अरबीत 'प' नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी बद्माकर झालो आणि हळूहळू नुसता बद्र उरलो. बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. सेटवरच्या म्हाताऱ्या मला त्या नावाने हाक मारायच्या आणि माझ्या टकलाकडे बघून हसायच्या.

आमची ओळख मॉस्कोतली. सिनेमा शिकायला दोघंही शिष्यवृत्तीवर गेलो होतो आणि वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. मी सांगलीचा, तो नाईलच्या काठचा. थंडीने दोघांचे हाल सारखेच व्हायचे. त्याला मराठी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं, म्हणून आम्ही रशियन बोलायचो. पुढे मी थोडं अरबी शिकलो तरी आमची भाषा तीच राहिली. वाळवंटात एक सांगलीकर आणि एक न्युबियन माणूस रशियनमध्ये कडाकडा भांडताना बघून कैरोहून आलेल्या तंत्रज्ञांना मोठी गंमत वाटायची.

मॉस्कोत पहिल्या ओळखीत मी त्याला गाव विचारलं होतं. "माझं गाव पाण्याखाली आहे," तो म्हणाला. माझं गाव मिरजेजवळ आहे, असं आपण सांगतो ना, त्याच सुरात. असवानचं मोठं धरण झालं तेव्हा इजिप्तच्या दक्षिणेतल्या न्युबियन लोकांची गावंच्या गावं बुडाली. त्याचं दाबुराही त्यातच गेलं. सरकारने लोकांना बोटींत घालून उत्तरेला नेलं आणि उसाच्या मळ्यांपलीकडे, नदीपासून लांब, काँक्रीटच्या एकसारख्या रांगांत वसवलं. मुख्तार तेव्हा अलेक्झांड्रियाला होता. दाबुऱ्यातले पुरुष सगळे असेच बाहेर असायचे, कुणी स्वैपाकी, कुणी दरवान, कुणी जहाजावर. त्याचे वडील एका हॉटेलात स्वैपाकी होते. मुलाने शिकावं म्हणून त्यांनी त्याला स्वतःजवळ नेऊन ठेवलं होतं.

आईबद्दल मी एकदाच विचारलं. "गेली," तो म्हणाला. "त्याच वर्षी." आणि त्याने शेगडीवरचं पातेलं उतरवलं.

शिकून कैरोला परतल्यावर त्याने केलेल्या पहिल्या तीन चित्रपटांनी त्याचं नाव झालं. एक म्हाताऱ्या दरवानावर होता, एक ऊसतोडणीवाल्यांवर, एक बंदरातल्या खलाशांच्या बायकांवर. तिन्हींच्या शेवटी निरोप होता. स्टेशनवर, शेताच्या बांधावर, धक्क्यावर माणसांची ही गर्दी, बायकांचा आक्रोश, आणि त्या गर्दीतून सरकत जाणारा कॅमेरा. निरोप दाखवावा तर शल्लालीनेच, असं तिकडचे समीक्षक लिहायचे. लोक थिएटरात हुंदके देऊन रडायचे. त्यातले दोन निरोप मी शूट केले होते. गर्दीला रडवायचं कसं, हे मुख्तारला पक्कं ठाऊक होतं. तो गर्दीच्या मधोमध उभा राहून एकेकीचं नाव घेऊन ओरडायचा, तिला तिचं गेलेलं माणूस आठवून द्यायचा. क्रूर वाटावं असं ते काम होतं. स्वतः तो कधी रडल्याचं मी पाहिलं नाही.

हा चौथा चित्रपट दाबुऱ्याचा. बुडालेल्या गावाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, सरोवराच्या काठावर, त्याने गाव पुन्हा बांधलं. मातीच्या भिंती, वर चुन्याची नक्षी, दारावर चिनी मातीच्या बश्या बसवलेल्या. मग नव्या वसाहतीतून गावच्याच बायका आणल्या. नट नको, त्याच हव्यात, म्हणून तो निर्मात्याशी भांडला होता. बखीता आत्या त्याच्या वडिलांची बहीण. चित्रपटातल्या आजीचं काम तिच्याकडे होतं. नजाह वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती मुख्तारची सहायक आणि माझी दुभाषी. दाबुरा सोडलं तेव्हा ती आईच्या पोटात होती.

बायकांची राहण्याची सोय आम्ही तंबूंत केली होती. दोन दिवसांत तंबू ओस पडले. सगळ्याजणी सेटवरच्या घरांत राहायला गेल्या. त्या घरांना मागच्या भिंती धड नव्हत्या. बायकांनी चटया लावून घेतल्या. सकाळी शूटिंगला गेलो की चुलीवर तवे चढलेले असायचे, पातळ घावनासारख्या भाकऱ्यांचा वास सुटलेला असायचा. कुणी कोंबड्या आणल्या. शेजाऱ्यांची भांडणं सुरू झाली. बुडालेल्या गावात ज्यांची भांडणं होती त्यांचीच. मुख्तार खूश होता. "बघ," तो मला म्हणायचा, "यांना काही सांगावं लागत नाही."

तो तसा सांगत मात्र खूप असायचा.

तर त्या दिवशी तिसरी खेप फुकट गेल्यावर तो उंबऱ्यापाशी आत्यासमोर उकिडवा बसला. नजाह मला हळू आवाजात सांगत होती.

"आत्या, हा सिनेमाचा शेवट आहे. हा नसेल तर सिनेमा नाही. बोट उद्या मिळणार नाही."

"मग घालवून दे बोट. आम्हाला कुठे जायचंय?"

"खरं जायचं नाहीये. त्या टेकाडाला वळसा घालून बोट परत येणार. संध्याकाळी तुम्ही इथेच."

"तेवढ्यासाठी मी ऊर बडवून घेऊ?"

"अभिनय आहे, आत्या. इतके दिवस करत आलीसच ना?"

"इतके दिवस तू म्हणालास पाणी भर, मी पाणी भरलं. म्हणालास पीठ मळ, मळलं. ते मी रोजच करते. हे मी कधी केलं नाही."

मुख्तार उठला. आता त्याचा आवाज चढला. तुमचं सगळं बुडालं, तुमची घरं, खजुराची झाडं, कबरी. जगाला हे कळायला नको का, असं तो सगळ्यांना उद्देशून बोलू लागला. चांगला बोलत होता. अशाच बोलण्याने त्याने स्टेशनभर माणसं रडवली होती. बायका शांतपणे ऐकून घेत होत्या. त्यांच्यातली एक चहाचे पेले भरत होती. तिने एक पेला त्याच्यासमोर धरला. त्याने तो घेतला नाही.

तो माझ्याकडे आला आणि रशियनमध्ये म्हणाला, "नजाहला आत्याचे कपडे घाल. पाठमोरी घेऊ. चेहरा नको."

"नजाह पाठमोरीसुद्धा विशीतली दिसते," मी म्हणालो.

"मग तूच सांग काय करू!"

मी म्हणालो, जेवणाची सुट्टी कर. तसंही ऊन डोक्यावर आलं होतं, कॅमेऱ्याला हात लावला तर चटका बसत होता.

जेवण झाल्यावर आत्याने निरोप पाठवला, मुख्तारला बोलाव. नजाह त्याला घेऊन गेली आणि मी त्यांच्या मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. सेटवरच्या त्या घरात आत थंड होतं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला समोर बसायला सांगितलं. तो बसला, पण निघायच्या तयारीत असल्यासारखा.

"ही रडारड झाली, हे तुला कुणी सांगितलं?" आत्याने विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे, आत्या. वर्तमानपत्रांत फोटो होते."

"आपल्या गावचे?"

"आपल्या गावचे नसतील. पण सगळीकडे तसंच झालं."

"इतर गावचं मला माहीत नाही. तिथे रडलेही असतील लोक. दाबुऱ्यात तू होतास?"

नजाहने हे वाक्य मला सांगितलं तेव्हा तिचाही आवाज खाली आला. मुख्तार म्हणाला, "मी अलेक्झांड्रियात होतो. तुला ठाऊक आहे."

"हो. म्हणून विचारते."

मग तिने सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. मध्ये ती एकदा पाणी प्याली. नजाह वाक्य संपेपर्यंत थांबायची आणि मग मला सांगायची, आणि आत्याही माझ्यासाठी थांबायची, त्यामुळे ते सगळं फार सावकाश झालं.

"बोट सकाळीच येऊन थांबली होती. तुझी आई, जलीला, पहाटेपासून झाडत होती. सगळं घर झाडलं, अंगण झाडलं. मी म्हटलं, अगं कुणासाठी, उद्या इथे मासे फिरतील. ती म्हणाली, म्हणून काय घाण ठेवून जाऊ? मग मीही घरी जाऊन झाडलं. तिचं बघून सगळ्यांनीच झाडलं. सगळं गाव झाडण्यात गुंतलं, आणि बोटीवरचा साहेब खालून शिट्ट्या मारतोय. रडायला वेळ कुणाला होता?"

इथे आत्या पाणी प्याली.

"मग माठ भरून दारात ठेवले. कुलूप घातलं. बोटीत गर्दी ही एवढी. गाठोडी, शेळ्या, कबुतरांच्या पेट्या. पोरं मांडीवर, मांडीवरच्या पोराच्या मांडीवर दुसरं पोर. तुझी आई कडेला बसली आणि शेजारी आपलं गाठोडं ठेवलं. फळीवर, माणूस बसेल एवढ्या जागेत. लोक म्हणाले, जलीला, ते खाली घे. ती घेईना. साहेब आला. म्हणाला, बाई, ही जागा कुणाची? ती म्हणाली, माझ्या मुलाची."

नजाह इथे थांबली. तिने ते मला सांगायच्या आधी मुख्तारकडे पाहिलं. मग सांगितलं.

"साहेब म्हणाला, मुलगा कुठाय? म्हणाली, शाळेत. साहेबाला वाटलं, गावातल्याच शाळेत. तो म्हणाला, बोलवा मग लवकर. ती म्हणाली, तुम्ही बोट सोडा, तो येईल तेव्हा येईल. साहेब हसला आणि पुढे गेला. बोट सुटली. प्रवासभर ते गाठोडं तिथेच. म्हाताऱ्या हसन शेखला उभं राहून पाय सुजले, तरी तिने जागा दिली नाही. शेख रागावला तिच्यावर. मीही रागावले. मी म्हटलं, वेडी झालीस का, तो अलेक्झांड्रियाला आहे."

"मग?" मुख्तारने विचारलं.

"ती म्हणाली, मला कळतं तो कुठे आहे. पण गाव निघालं तेव्हा त्याची जागा नव्हती, असं नको व्हायला." आत्याने हात उघडून मांडीवर ठेवले. "वेडी नव्हती. शहाणी होती. तेवढंच तिच्या हातात होतं, ते तिने केलं. उन्हाळ्यात ती गेली. तिथलं पाणी वाईट होतं, त्या उन्हाळ्यात लहान पोरंही खूप गेली. तुझ्या बापाला कळेपर्यंत पुरून झालं होतं."

"हे मला आजवर का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस, बाळा." आत्या अगदी साधेपणाने म्हणाली. "तू यायचास आणि तिथे काय झालं ते आम्हालाच सांगायचास."

बाहेर एक कोंबडी ओरडत होती. मुख्तार उठला आणि दारातून बाहेर गेला. दारात वाकायचं त्याला भान राहिलं नाही; चौकटीला डोकं आपटलं, वरची एक बशी निखळून पडली आणि फुटली. तो थांबला नाही. सरळ पाण्याकडे चालत गेला आणि काठावर उभा राहिला. दाबुरा कुठल्या दिशेला होतं ते मला माहीत नव्हतं. त्याला असावं.

आम्ही वाट पाहिली. कैरोची मंडळी घड्याळाकडे बघत होती. बोटीचा चालक दोनदा विचारायला आला. मी त्याला थांब म्हणालो. हळूहळू उजेड पिवळा होऊ लागला, खडकांना सावल्या फुटल्या. मी माझ्या सवयीने प्रकाश मोजला. कॅमेऱ्यात नवी फिल्म भरली.

मुख्तार परत आला तो सरळ माझ्याकडे. "एकच शॉट," तो म्हणाला. "वरून, सगळा उतार, काठ आणि बोट दिसेल असा. कॅमेरा हलवायचा नाही."

"आणि बायकांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"तू सांगणार?"

"नाही. त्यांना माहीत आहे." मग तो म्हणाला, "आणि बाकीचंही तूच बघ. मी बोटीत असेन."

मी त्याच्याकडे बघितलं. अंगात कैरोत शिवलेला शर्ट, पायांत बूट, मनगटावर घड्याळ. चित्रपट वीसेक वर्षांपूर्वीच्या काळातला. "मुख्तार," मी म्हणालो, "निदान गावातल्या पुरुषांसारखा लांब गलाबिया अंगात घाल. घड्याळ काढ."

"मी तेव्हा नव्हतो," तो म्हणाला. "आता आहे. जसा आहे तसा दिसू दे." त्याने फक्त गॉगल काढून माझ्या हातात दिला. "मी सांगेपर्यंत थांबवू नकोस."

मी कॅमेरा वर नेला. नजाहने खाली जाऊन बायकांना काय सांगितलं कोण जाणे, बहुतेक एवढंच की निघायचंय. पुढे जे झालं ते मी भिंगातून पाहिलं.

आधी काहीच झालं नाही. मग आत्या घरातून केरसुणी घेऊन बाहेर आली आणि अंगण झाडू लागली. फुटलेल्या बशीचे तुकडे तिने एका बाजूला केले. शेजारच्या दारातली बाई तिचं बघून आत गेली आणि केरसुणी घेऊन आली. मग तिसरी. थोड्या वेळात ते सगळं खोटं गाव झाडलं जात होतं. खाली वाळू, वाळूवर काय झाडणार? पण त्या झाडत होत्या, पुढून मागे, नीट रेघा उमटवत. पश्चिमेच्या उजेडात धूळ सोन्यासारखी उडत होती. दोघी कशावरून तरी हसल्या. एकीने कोंबडी काखेत मारली. मग त्यांनी दारं ओढली, गाठोडी उचलली आणि झाडलेल्या वाळूवर पावलं उमटवत खाली उतरल्या. एकीने पदर सावरला. कुणी रडलं नाही.

मुख्तार काठावर उभा होता. बायका त्याच्या बाजूने बोटीत चढल्या, दाटीवाटीने बसल्या. आत्या सर्वांत शेवटी चढली. कडेच्या फळीवर बसून तिने गाठोडं शेजारी ठेवलं. एवढी दाटी होती, तरी त्या बाजूला कुणी सरकलं नाही. मग तिने वर पाहिलं आणि त्याला काहीतरी म्हणाली. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. मुख्तार फळीवर पाय ठेवून आत गेला. आत्याने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. तो बसला.

बोट सुटली.

बोट टेकाडापर्यंत जाणार, वळणार आणि मी कॅमेरा बंद करणार, असं मुळात ठरलं होतं. पण थांबव म्हणणारा माणूस बोटीत होता. माझा सहायक माझ्याकडे बघत होता, मी त्याला मान हलवून नाही म्हणालो. बोट लहान होत गेली. मुख्तारची पाठ ताठ होती, शाळेत फोटोला बसवलेल्या पोरासारखी. नंतर ती पाठ बाकीच्या पाठींतून वेगळी काढता येईना. कॅमेऱ्याची घरघर चालू होती. टेकाडाच्या अलीकडे कधीतरी आवाज बदलला आणि फिल्म संपली. मी डोळा भिंगाला तसाच लावून ठेवला.

बोट टेकाडामागून लगेच परत आली नाही. चालकाने मला पुढे सांगितलं की मुख्तारने त्याला वळू नको म्हणून खूण केली होती. सूर्य टेकला तेव्हा ती आली. बायका बडबड करत उतरल्या आणि चुली पेटवायला गेल्या. मुख्तारचे डोळे सुजले होते. त्याने माझ्याकडून गॉगल घेतला आणि विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

"टेकाडापर्यंत नाही. त्याआधी फिल्म संपली."

"ठीक आहे," तो म्हणाला.

निर्मात्याने तो शेवट पाहून कपाळावर हात मारून घेतला. घड्याळवाला माणूस काढा, बायका रडताना दाखवा, नाहीतर दुसऱ्या चित्रपटातला आक्रोश वरून चिकटवा, असं त्याचं म्हणणं. मुख्तारने एक फूटही कापू दिला नाही. पुढे त्या शेवटावर पुष्कळ लिहिलं गेलं. चालू काळातला माणूस भूतकाळात बसवण्याची युक्ती, दिग्दर्शकाने स्वतःच्या कलाकृतीत टाकलेलं पाऊल, वगैरे. त्यानंतर मुख्तारने बरेच चित्रपट केले, पण निरोपाचा प्रसंग पुन्हा एकदाही घेतला नाही. त्याच्या चौकटींत एखादी जागा मोकळी दिसायची, एवढंच. ओट्यावर, बाकावर, जेवणाच्या ताटांमध्ये. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी ते उचललं, आणि बैरूतपासून ट्युनिसपर्यंतच्या चित्रपटांत रिकाम्या खुर्च्यांची रांग लागली. त्याला मुलाखतींत त्याबद्दल विचारायचे. तो म्हणायचा, रचना बरी दिसते.

गेल्या हिवाळ्यात तो कैरोत वारला. नजाहने फोन करून कळवलं. तेव्हापासून मला त्याच्या मोठमोठ्या समारंभांपेक्षा त्या चित्रपटाचा पहिला खेळ आठवतो.

तो खेळ कैरोत झाला नाही. मुख्तारने प्रोजेक्टर जीपमध्ये घातला आणि आम्ही नव्या वसाहतीत गेलो. शाळेची भिंत चुन्याने रंगवून घेतली होती. संध्याकाळची नमाज आटोपून लोक अंगणात चटयांवर येऊन बसले. बायका आपापली तोंडं भिंतीवर बघून एकमेकींना ढोसत होत्या. कोंबडी आली तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला. मग झाडण्याचा प्रसंग आला आणि अंगण शांत झालं. बोट सुटली, लहान होत गेली, आणि टेकाडाच्या अलीकडेच भिंत एकदम पांढरी झाली.

कुणी उठलं नाही. पुढे आणखी काही असेल असं त्यांना वाटत होतं. मुख्तार प्रोजेक्टरपाशी उभा होता.

आत्या पुढच्या चटईवरून वळली. "झालं?" तिने विचारलं. एव्हाना त्यांची भाषा मला माझ्यापुरती समजू लागली होती.

"झालं, आत्या."

"बोट इथवर आलीच नाही."

"नाही. तिथपर्यंत फिल्म पुरली नाही."

आत्याने त्या पांढऱ्या भिंतीकडे पुन्हा एकदा पाहिलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या घरांच्या सरळ रांगा होत्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "इथे यायचं होतं कुणाला?"